सात सस्तन प्राण्यांचे मेंदू एका तक्त्यात: कामाच्या नोंदी

काम असं: खुल्या उपलब्ध असलेल्या मेंदू-ॲटलासांवरून (मेंदूच्या भागांच्या नकाशांवरून) सात प्राण्यांच्या मेंदूतल्या भागांची आकारमानं मोजायची आणि एका तक्त्यात शेजारीशेजारी मांडायची. उंदीर, रॅट, मार्मोसेट (एक छोटं माकड), रीसस माकड, माणूस, मांजर आणि ओपॉसम (कांगारूसारखा शिशुधान प्राणी). कोणात लहान मेंदूचा वाटा किती, कोणात गंधाच्या भागाचा किती, हे एका नजरेत दिसावं एवढीच अपेक्षा. डेटा फुकट आहे. खर्च होतो तो डिस्कचा, मेमरीचा आणि मुख्यतः वेळेचा. हेच काम कुणी करायला घेणार असेल तर आमचा वेळ जिथे गेला तिथे तुमचा जाऊ नये म्हणून या नोंदी.

२ ऑगस्ट

डेटा उतरवला. उंदरासाठी ॲलन इन्स्टिट्यूटचा कॉमन कोऑर्डिनेट फ्रेमवर्क (आवृत्ती ३), रॅटसाठी वॅक्सहोम स्पेस (आवृत्ती ४, २२२ भाग), रीससासाठी एनएमटी (आवृत्ती २) आणि त्यासोबत येणारे चार्म व सार्म हे श्रेणीबद्ध नकाशे, मांजरासाठी कॅटलास. माणसासाठी एमएनआय साचा (साचा म्हणजे ज्यावर बाकीचे स्कॅन बसवायचे ती नमुना-प्रतिमा) आणि फ्रीसर्फर या प्रोग्रॅमची नेहमीची विभागणी. मार्मोसेटसाठी एमआरआयवर आधारलेला खुला ॲटलास. ओपॉसमचा आम्हाला उपयोगी पडेल असा त्रिमितीय नकाशा हाती लागला नाही. त्याचं नंतर बघू.

हे सगळे 'ॲटलास' एकाच जातीचे नाहीत, हे आधीच लिहून ठेवतो. उंदराचा साचा १६७५ उंदरांच्या मेंदूंची सरासरी आहे. रॅटचा एकाच प्राण्याचा आहे. रीससाचा ३१ माकडांच्या सरासरीचा. त्यामुळे तक्त्यात दोन रकाने शेजारी दिसले तरी त्यांच्यामागची भिस्त सारखी नाही. रॅटच्या आकड्याला व्यक्तीव्यक्तींमधल्या फरकाची कसलीच पट्टी लावता येणार नाही.

उंदराचा नकाशा आधी १० मायक्रॉनवर घेतला. १३२० × ८०० × ११४० म्हणजे १२० कोटींवर व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्राचे ठिपके). नुसती लेबलांची फाइल मेमरीत ४.८ जीबी होते. त्यावर कुठलंही विरूपण चालवायचं म्हटलं तर एका विस्थापन-क्षेत्रालाच (कुठला व्हॉक्सेल किती सरकवायचा याच्या नोंदीला) १४ जीबीच्या वर लागतात. यंत्र गुडघ्यावर आलं. २५ मायक्रॉनची फाइल घेतली (५२८ × ३२० × ४५६, साधारण ३०८ एमबी). आमच्या कामाला ती पुरते.

५ ऑगस्ट

दिशा आणि एककं. यात अपेक्षेपेक्षा बराच जास्त वेळ गेला.

उंदराच्या फाइलमध्ये पहिला अक्ष पुढून मागे, दुसरा वरून खाली, तिसरा डावी-उजवी. माणसाच्या फाइली पाहायची सवय असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला वाटतं पहिला अक्ष डावा-उजवा असणार. शिवाय अंतर मायक्रॉनमध्ये, आणि आमच्या स्क्रिप्टने ते मिलिमीटर समजून वाचलं. परिणामी उंदराचा मेंदू ठेवलेली पेटी १३ मीटर लांब. हसून झालं, पण हीच गोष्ट दहाच्या पटीत चुकली असती तर पटकन लक्षात आली नसती. आता प्रत्येक फाइल उघडल्यावर स्क्रिप्ट एकूण आकारमान काढते आणि त्या प्राण्याच्या मेंदूच्या माहीत असलेल्या वजनाशी ताडते. उंदीर अर्धा ग्रॅमच्या आत-बाहेर, रॅट २ ग्रॅमच्या आसपास, माणूस १३०० ते १५०० ग्रॅम. दुपटीपेक्षा जास्त फरक आला की पुढे जायचंच नाही.

माकडाच्या मूळ स्कॅनमध्ये वेगळा घोळ असतो. प्राणी यंत्रात पोटावर, मान पुढे काढून बसवलेला असतो, तर यंत्राला सांगितलेलं असतं की तो पाठीवर झोपला आहे. त्यामुळे हेडरमधलं (फाइलीसोबतच्या माहितीतलं) 'वर' प्रत्यक्षात 'पुढे' असतं. साच्यात हे दुरुस्त केलेलं असतं, पण पडताळणीसाठी सुटे स्कॅन घेतले तर प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघावंच लागतं: लहान मेंदू कुठे आहे, डोळे कुठे आहेत. डावी-उजवी बाजू मात्र नुसतं बघून कळत नाही. मेंदू इतका सममित आहे की उलटा केला तरी डोळा फसतो. स्कॅन करताना डोक्याच्या एका बाजूला खूण म्हणून तेलाची गोळी लावली असेल तरच खात्री. उंदराच्या बाबतीत तर हा प्रश्नच बाद आहे, कारण ॲलनचा साचा आरसा धरून मुद्दाम सममित केला आहे. डाव्या-उजव्यातला फरक त्यात शोधायला जाऊ नका, तो काढून टाकलेला आहे.

ठरवलं: डावं-उजवं वेगळं मांडायचंच नाही. दोन्ही अर्धांची बेरीज.

११ ऑगस्ट

उंदराच्या तक्त्यात अचानक अनोळखी क्रमांक. मूळ यादीत नसलेली लेबलं नकाशात, आणि दृष्टीच्या आसपासची काही क्षेत्रं गायब.

कारण सापडलं. ॲलनच्या यादीत काही भागांचे क्रमांक प्रचंड मोठे आहेत. पुढल्या दृष्टीक्षेत्राचा ३१२७८२५४६, लॅटरोइंटरमीजिएट क्षेत्राचा ३१२७८२५७४. आमच्या मधल्या एका पायरीत फाइल ३२ बिटांच्या दशांश स्वरूपात साठवली जात होती. त्या स्वरूपात १,६७,७७,२१६ च्या पुढचे सगळे पूर्णांक नेमके बसत नाहीत, आणि ३१ कोटींच्या घरात तर दर ३२ मध्ये एकच आकडा उरतो. वरचे दोन्ही क्रमांक जवळच्या बसणाऱ्या आकड्याकडे सरकून ३१२७८२५६० होतात. प्रत्यक्ष व्हॉक्सेलांत प्रत्येक थराला वेगळा क्रमांक असतो, तेही असेच एकमेकांत विरघळतात. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही.

उपाय साधा: फाइल उघडल्याउघडल्या पूर्णांकात वाचायची, आणि सगळ्या क्रमांकांना १, २, ३… असे स्वतःचे छोटे क्रमांक द्यायचे. मूळ आणि नव्याची जोडयादी वेगळ्या फाइलीत. हे पहिल्या दिवशी करा.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट निकालात काढली. लेबलांचा नकाशा लहान-मोठा करताना नेहमीचं रेषीय अंतर्वेशन (शेजारच्या किमतींवरून मधली किंमत काढणं) वापरलं, की ४ आणि ८ या भागांच्या सीमेवर ६ नावाचा तिसराच भाग उगवतो. जवळच्या व्हॉक्सेलची किंमत उचलणारी पद्धत वापरली की हे थांबतं, पण मग क्लॉस्ट्रमसारखे पातळ पापुद्रे तुटतात, ठिकठिकाणी नाहीसे होतात. म्हणून आकारमानासाठी नकाशा मुळात हलवायचाच नाही. मूळ जागी, मूळ बारकाव्यावर व्हॉक्सेल मोजायचे आणि एका व्हॉक्सेलच्या घनफळाने गुणायचं. इतकी सरळ गोष्ट, पण आपण सवयीने आधी सगळं एका साच्यात बसवायला धावतो.

२० ऑगस्ट

पडताळणीच्या स्कॅनांवर कवटी-काढणी, म्हणजे चित्रातून मेंदू सोडून बाकीचं वगळणं. माणसासाठी बनलेली साधनं उंदरावर चालत नाहीत. त्यांच्या आत गृहीत धरलेलं असतं की मेंदू साधारण गोल आहे आणि मुठीहून मोठा आहे. उंदराचा मेंदू लांबट, चपटा, पुढे घ्राणकंदांचं (गंधाच्या गाठींचं) टोक. जुनी युक्ती अशी की हेडरमध्ये व्हॉक्सेलचं माप दहापट करायचं, साधनाला वाटू द्यायचं की मेंदू मोठा आहे, आणि काम झालं की परत दहाने भागायचं. अर्धवट जमलं. घ्राणकंद तरीही कापले गेले. शेवटी साच्यावरचा मुखवटा (मेंदू कुठवर आहे ते दाखवणारा नकाशा) स्कॅनवर बसवून घेतला. प्रकाशमानातला असमतोल काढणाऱ्या पायरीतही हीच अडचण: तिच्या जाळीचं अंतर माणसाच्या मापाचं असतं, ते प्राण्यागणिक कमी करावं लागतं.

२८ ऑगस्ट

मूळ योजना अशी होती की रीससाचा मेंदू ताणून-वाकवून माणसाच्या मेंदूवर बसवायचा. मग एकाची लेबलं दुसऱ्यावर आपोआप येतील आणि तुलना सोपी होईल. करून पाहिलं. रात्रभर यंत्र चाललं. सकाळी चित्र देखणं होतं: कडा कडांवर, वळ्या वळ्यांवर. जुळणीचा आकडाही छान.

मग रीससाचं प्राथमिक दृष्टीक्षेत्र कुठे आलंय ते पाहिलं. माकडात या क्षेत्राचा मोठा भाग मेंदूच्या मागच्या टोकाच्या बाहेरच्या, उघड्या पृष्ठभागावर असतो. माणसात ते बहुतेक आतल्या बाजूला, कॅल्केराइन खाचेत दडलेलं असतं. तेव्हा माकडाचं प्राथमिक दृष्टीक्षेत्र माणसाच्या बाहेरच्या पश्चकपाली भागावर जाऊन बसलं होतं, जिथे माणसात पूर्ण वेगळी क्षेत्रं आहेत. प्रोग्रॅमचा दोष नाही. त्याला उजेड-अंधार जुळवायला सांगितला होता, त्याने जुळवला. कुठला भाग कशाचा समकक्ष, हे प्रतिमेच्या छटेत लिहिलेलं नसतं.

उंदीर ते माणूस याच पद्धतीने करायचा विचारही सोडून दिला. त्या दोन वंशांची फारकत सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीची, आणि एकाचा मेंदू गुळगुळीत तर दुसऱ्याचा घड्यांनी भरलेला.

६ सप्टेंबर

नवी पद्धत. प्राण्यांचे मेंदू एकमेकांवर बसवायचे नाहीत. प्रत्येकाचा मेंदू स्वतःच्या नकाशात राहील, फक्त भागांची एक सामायिक यादी करायची. यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी, प्रत्येक प्राण्याच्या ॲटलासातले कुठले तुकडे मिळून ती ओळ बनते ते लिहायचं. तुकडे जुळत नसतील तर रकाना रिकामा.

चित्रं शेजारी ठेवून बघायला तरी एक सामायिक शून्यबिंदू हवा. तो घेतला पुढच्या कमिशरवर, म्हणजे दोन्ही अर्धांना जोडणारा तो आडवा तंतूंचा पट्टा मध्यरेषा ओलांडतो तिथे. वॅक्सहोमचा शून्यबिंदू तोच आहे, माणसाच्या नकाशांतही परंपरेने तिथूनच मोजतात. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तो सगळ्या सस्तन प्राण्यांत असतो. आधी कॉर्पस कॅलोसमच्या (मोठ्या मेंदूचे दोन अर्ध जोडणाऱ्या जाड पट्ट्याच्या) पुढच्या टोकावरून जुळवणारी स्क्रिप्ट लिहिली होती. ओपॉसमवर ती चालणं शक्यच नव्हतं: शिशुधान प्राण्यांना कॉर्पस कॅलोसम नसतो. रिचर्ड ओवेनने हे १८३७ मध्येच लिहून ठेवलंय.

१३ सप्टेंबर

यादीचं काम. वाटलं होतं आठवड्यात उरकेल.

स्ट्रायटम (मेंदूच्या आतला, हालचालींशी निगडित भाग) आधी घेतलं, कारण सोपं वाटलं. ॲलनची यादी झाडासारखी आहे, मोठ्या शाखांखाली छोटे भाग, आणि तीत 'स्ट्रायटम' नावाची मोठी शाखा आहे. ती सरळ उचलून माणसाच्या पुच्छक आणि पुटामेनच्या बेरजेसमोर ठेवली, तर उंदराचा आकडा संशयास्पद मोठा. उकलून पाहिलं: त्या शाखेत पुच्छक-पुटामेन तर आहेच, शिवाय ॲक्युम्बेन्स, घ्राणगाठ, बाजूचा सेप्टम आणि अमिग्डालाचा एक गटही आहे. विकासाच्या दृष्टीने ही मांडणी योग्य आहे, पण माणसाच्या नकाशात त्या नावाखाली हे काही येत नाही. ओळ आता अशी: उंदरात पुच्छक-पुटामेन अधिक ॲक्युम्बेन्स, माणसात पुच्छक अधिक पुटामेन अधिक ॲक्युम्बेन्स.

तरीही एक फरक उरतोच. माणसात पुच्छक आणि पुटामेन यांच्यामधून अंतर्गत कॅप्सूलचा जाड पांढरा पट्टा जातो आणि त्यांना वेगळं करतो. उंदरात तेच तंतू सुट्या जुड्यांनी पुच्छक-पुटामेनच्या आतूनच जातात, आणि मोजमापात त्याच्यातच धरले जातात. म्हणजे उंदराच्या आकड्यात थोडा पांढरा भाग मिसळलेला आहे. काढता येत नाही. तळटीप टाकली.

ग्लोबस पॅलिडसचंही तसंच. 'पॅलिडम' शाखा घेऊ नका, आतले दोनच तुकडे घ्या.

१९ सप्टेंबर

हिप्पोकॅम्पस, स्मृतीशी निगडित भाग. ॲलनची 'हिप्पोकॅम्पल फॉर्मेशन' शाखा घेतली तर त्यात एन्टोरायनल कॉर्टेक्स, पॅरा-, पोस्ट- आणि प्रीसबिक्युलम सगळं येतं. तिच्या आतली छोटी शाखा घेतली तर सबिक्युलमही बाहेर राहतो. माणसाच्या फ्रीसर्फर विभागणीत हिप्पोकॅम्पसमध्ये सबिक्युलम धरलेला असतो, एन्टोरायनल मात्र कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) खात्यात. म्हणून हाताने जुळवलं: सीए क्षेत्रं, डेंटेट गायरस आणि सबिक्युलम, इतकंच. एन्टोरायनलची वेगळी ओळ.

हिप्पोकॅम्पसचे पुढचे-मागचे भाग वेगळे मोजायचा मोह झाला होता. त्याआधी एवढं लक्षात ठेवा: उंदरात हा भाग केळ्यासारखा वाकून वरून मागे आणि खाली उतरतो, माणसात जवळजवळ सगळा कानशिलामागच्या खालच्या पाळीत सरकलेला आहे. उंदराचं खालचं टोक माणसाच्या पुढच्या टोकाशी जुळतं, वरचं टोक मागच्याशी. अक्षाचं नाव बघून तुलना केली तर उलटसुलट होईल. आम्ही ती विभागणी सोडली.

२७ सप्टेंबर

अमिग्डालाने (भावनांशी निगडित भागाने) सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला.

माणसाच्या नकाशात तो एक बदामाएवढा गोळा: एक लेबल, एक आकारमान. ॲलनच्या यादीत 'अमिग्डाला' नावाची एक शाखाच नाही. लॅटरल, बेसोलॅटरल, बेसोमीडियल आणि पोस्टीरियर केंद्रकं एका शाखेत, कॉर्टेक्सखालच्या पट्ट्यात. सेंट्रल आणि मीडियल स्ट्रायटमच्या शाखेत. कॉर्टिकल अमिग्डाला आणि त्याच्या शेजारचा पिरिफॉर्म-अमिग्डाला भाग गंधाच्या शाखेत. तिन्हींतून वेचून आणावं लागतं. पण वेचायचं किती? मीडियल आणि कॉर्टिकल केंद्रकं उंदरात गंधाच्या कामाला जुंपलेली आणि मोठी. माणसात ती तुलनेने लहान, गोळ्याच्या वरच्या-आतल्या कडेला. माणसाच्या नकाशात ती कड नेमकी कुठे थांबते हे नकाशागणिक बदलतं.

दोन ओळी केल्या. एक 'बेसोलॅटरल गट', ज्याच्या सीमा सगळ्यांत बऱ्यापैकी सांगता येतात. दुसरी 'अमिग्डाला, सगळं मिळून', जिच्यापुढे खुणेचा तारा. बेसोलॅटरलसाठी माणसाचा बारीक विभागणी असलेला नकाशा वेगळा आणावा लागला. रीससाचं सार्ममध्ये सोपं गेलं, कारण तिथे सहा स्तरांची उतरंड आहे, हव्या त्या पातळीवर थांबता येतं. नवा ॲटलास कुणी बनवत असेल तर उतरंड द्या, सपाट यादी देऊ नका.

यानंतर थॅलॅमस वगैरे भराभर झालं. एवढंच बघा की ॲलनच्या थॅलॅमसमध्ये हॅबेन्युला आणि रेटिक्युलर केंद्रक धरलेले आहेत. आम्ही हॅबेन्युला वजा केलं, रेटिक्युलरसाठी टीप टाकली.

४ ऑक्टोबर

कडा. मेंदू कुठे संपतो हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड.

मागे: मेड्युला (मेंदू-खोडाचा खालचा भाग) संपून मज्जारज्जू कुठे सुरू होतो? कुणी ऑबेक्सच्या (मेंदूतल्या चौथ्या पोकळीच्या खालच्या टोकाच्या) पातळीवर छेद घेतलेला, कुणी पिरॅमिडल तंतू ओलांडतात तिथे, कुणी नमुन्यात जेवढा आला तेवढा. ज्या प्राण्याचा अख्खा मेंदूच छोटा, त्यात एवढ्याशा फरकानेही मेंदू-खोडाचा वाटा हलतो. आम्ही ऑबेक्सवर रेघ ओढली, तिथून खाली काहीही मोजायचं नाही.

पुढे: घ्राणकंद. मेंदू कवटीतून काढताना ते तुटून आत राहण्याची दाट शक्यता, विशेषतः कुत्र्या-मांजरांत, जिथे ते पुढे एका वेगळ्या खळग्यात बसलेले असतात. मांजराच्या एका सुट्या नमुन्यात ते निम्मेच होते. मोजमाप वापरलं नाही.

बाजूला: उंदीर आणि रॅटमध्ये लहान मेंदूची पॅराफ्लोक्युलस ही पाळी कवटीच्या हाडातल्या एका बारीक खोबणीत रुतलेली असते. मेंदू बाहेर ओढला की तीच आधी तुटते. लहान मेंदूचं आकारमान कमी आलं तर आधी ती पाळी जागेवर आहे का बघा. कवटीसकट केलेल्या स्कॅनांत ही तक्रार नसते.

पिट्युटरी कुणातच धरली नाही.

१२ ऑक्टोबर

कुत्रा यादीत घ्यायचा होता, नाही घेतला. आखूड तोंडाच्या जातींत कवटीसोबत मेंदूही पुढे झुकतो, घ्राणकंद खाली वळतात. 'कुत्र्याचा मेंदू' म्हणून एकच आकडा द्यायचा तर कुठल्या जातीचा, हे आधी ठरवायला हवं. तो स्वतंत्र प्रकल्प आहे.

१९ ऑक्टोबर

मांजराचं कॉर्टेक्स. क्रूसिएट खाच दिसली की तिला माणसाची मध्यवर्ती खाच समजावंसं वाटतं. दोन्ही वरच्या बाजूला, दोन्हींच्या आसपास हालचालीचं क्षेत्र. पण माणसात मध्यवर्ती खाच हालचालीचं आणि स्पर्शाचं क्षेत्र वेगळं करते, मांजरात क्रूसिएट खाचेच्या दोन्ही काठांवर हालचालीचंच क्षेत्र पसरलेलं आहे आणि स्पर्शाचं त्याच्या मागे. खाचेचं ठिकाण बघून सीमा आखल्या तर हालचालीच्या क्षेत्राचा मागचा तुकडा स्पर्शाच्या खात्यात जातो. ऐकण्याचं प्राथमिक क्षेत्रही तसंच: मांजरात उघड्यावर, मधल्या एक्टोसिल्व्हियन वळीवर, माणसात बाजूच्या खोल खाचेच्या आत. खाचांवर काहीही आधारायचं नाही असं ठरलं. कॉर्टेक्सच्या फक्त चार ओळी: प्राथमिक दृष्टी, प्राथमिक श्रवण, प्राथमिक स्पर्श, प्राथमिक हालचाल. 'कपाळामागचा भाग' ही ओळ तीन वेळा लिहिली आणि खोडली. उंदरात त्याचं नेमकं काय समकक्ष, यावर जाणकारांचंच एकमत नाही, तिथे आम्ही बेरीज-वजाबाकी करून काय साधणार.

२ नोव्हेंबर

ओपॉसम. त्रिमितीय नकाशा नसल्यामुळे काचपट्ट्यांच्या चित्रांवरून करायचं. विस्कॉन्सिन आणि मिशिगन स्टेट विद्यापीठांचे जुने तुलनात्मक संग्रह यासाठी सोन्याची खाण आहेत. शंभरावर प्रजातींचे रंगवलेले छेद, त्यांतले बरेच बघायला खुले.

पद्धत कॅव्हालिएरीची: ठराविक अंतरावरच्या प्रत्येक छेदावर भागाचं क्षेत्रफळ मोजा, बेरीज करा, छेदांमधल्या अंतराने गुणा. सीमा हाताने आखल्या. दुसऱ्या माणसाने पहिल्याच्या रेषा न बघता तेच छेद पुन्हा आखले. घ्राणकंद आणि लहान मेंदूवर दोघांचं जमलं. अमिग्डालावर अजिबात नाही, म्हणून ओपॉसमच्या त्या दोन्ही ओळी रिकाम्या.

मोठा खड्डा आकसण्याचा. स्थिरीकरण, निर्जलीकरण आणि छेद घेण्यासाठी मेणासारख्या पदार्थात बसवणं यांतून ऊती चांगलीच आकसते. छेदांवरून आलेलं आकारमान जिवंत मेंदूपेक्षा बरंच कमी भरतं. जुने अभ्यासक यासाठी ताज्या मेंदूचं वजन १.०३६ ग्रॅम प्रति घन सेंमी या घनतेने भागून खरं आकारमान काढत, आणि त्या प्रमाणात सगळे आकडे वाढवत. आमच्याकडे नेमक्या त्याच प्राण्याचं ताजं वजन नव्हतं. म्हणून ओपॉसमसाठी घन मिलिमीटर दिलेच नाहीत, फक्त 'पूर्ण मेंदूच्या किती टक्के' दिलंय. सगळे भाग सारख्याच प्रमाणात आकसतात असं यात गृहीत धरलेलं आहे, जे काटेकोरपणे खरं नाही.

स्पर्श आणि हालचाल यांच्या दोन ओळी ओपॉसमला लागू होत नाहीत. तिथे ही दोन क्षेत्रं एकमेकांवर पडलेली असल्याचं लेंडेने १९६३ मध्ये दाखवलं होतं. त्याच्यासाठी एकत्र ओळ केली, आणि तुलना करायची म्हणून बाकी सगळ्यांचीही बेरीज त्या ओळीत दिली. कॉर्पस कॅलोसमच्या रकान्यात शून्य लिहायचं की रिकामं सोडायचं यावर वाद झाला. शून्य लिहिलं: तो भाग मोजता आला नाही असं नाही, तो नाहीच. पुढचा कमिशर मात्र डोळ्यात भरण्याइतका जाड आहे.

१४ नोव्हेंबर

पांढरा भाग. झांग आणि सेज्नॉव्स्की यांनी २००० मध्ये ५९ सस्तन प्रजातींवर दाखवलं की कॉर्टेक्सचा करडा भाग वाढतो तसा त्याखालचा पांढरा भाग सुमारे १.२३ या घातांकाने वाढतो. आमचे बिंदू त्याच रेषेवर पडतात का बघू म्हटलं. उंदीर रेषेच्या खूप वर.

पाहिलं तर उंदराची 'तंतू' शाखा जशीच्या तशी घेतली होती. त्यात लहान मेंदूचं पांढरं झाड, दृष्टीचे पट्टे, मेंदू-खोडातले लांब तंतू, कवटीच्या नसांची मुळंसुद्धा. माणसाच्या आकड्यात फक्त मोठ्या मेंदूच्या अर्धांमधला पांढरा भाग. उंदरात कॉर्टेक्सखालचे पट्टे वेगळे वेचले तेव्हा बिंदू खाली आला. माहीत असलेल्या निष्कर्षाशी ताडून बघणं असं कामाला येतं. नवा शोध लागला वाटलं की आधी आपली बेरीज तपासावी.

२३ नोव्हेंबर

आलेख. दोन्ही अक्ष लॉगमध्ये घ्या, नाहीतर माणूस एका कोपऱ्यात आणि बाकीचे सगळे शून्यावर ढीग करून बसतात.

सात बिंदूंतून रेषा ओढली, घातांकही काढला, आणि मग काढून टाकला. सात प्राणी म्हणजे सात स्वतंत्र पुरावे नाहीत. उंदीर-रॅट एक घर, मार्मोसेट-रीसस-माणूस दुसरं, मांजर आणि ओपॉसम एकेकटे. नात्यातल्या प्राण्यांत साम्य असणारच. फेल्सेन्स्टाइनने १९८५ मध्ये सुचवलेली वंशवृक्षाची दुरुस्ती लावली तर हातात इतकं कमी उरतं की रेषेला अर्थ राहत नाही. बिंदू ठेवले, रेषा नाही.

एकाने विचारलं, आकारमानावरून पेशींची संख्या कळेल का. नाही. आफ्रिकन हत्तीच्या मेंदूत सुमारे २५७ अब्ज चेतापेशी मोजल्या गेल्या, माणसाच्या ८६ अब्जांच्या तिप्पट. पण त्यातल्या ९७.५ टक्के लहान मेंदूत. हत्तीचं कॉर्टेक्स माणसाच्याहून मोठं असूनही त्यात ५.६ अब्ज, माणसाच्यात १६ अब्ज. आमच्या तक्त्याच्या डोक्यावर आता ठळक लिहिलंय: घन मिलिमीटर म्हणजे पेशी नव्हेत.

७ डिसेंबर

तक्ता बाहेर काढण्याच्या अवस्थेत. लहान मेंदू, घ्राणकंद, स्ट्रायटम, हिप्पोकॅम्पस (सबिक्युलम धरून), थॅलॅमस आणि प्राथमिक दृष्टीक्षेत्र या ओळींवर आम्ही भरवसा ठेवतो. बेसोलॅटरल गट ओपॉसम सोडून बरा आहे. 'अमिग्डाला, सगळं मिळून' आणि मेंदू-खोड यांच्यापुढे तारा आहे, त्या कुठे वापरू नका. कपाळामागचा भाग नाही.

तक्त्यासोबत जोडयादी देतोय: कुठल्या ओळीत कुठल्या ॲटलासच्या कुठल्या आवृत्तीतले कुठले क्रमांक मिळवले आणि कुठले वजा केले. आवृत्ती लिहायला विसरू नका. वॅक्सहोमच्या जुन्या आवृत्तीत भाग कमी होते, त्याच नावाच्या सीमाही बदलल्या आहेत. खरं सांगायचं तर आकड्यांपेक्षा ही यादीच दुसऱ्याच्या जास्त उपयोगाची. कुणाला आमची अमिग्डालाची बेरीज पटली नाही तर त्याने एक ओळ बदलावी आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवावी. २५ मायक्रॉनच्या फाइलीवर चहा होईपर्यंत उरकतं.

पुढे: मॅनाटी या पाण्यात राहणाऱ्या सस्तन प्राण्याचे छेद बघायला घेतलेत. साडेतीनशे ग्रॅमच्या आसपासचा मेंदू आणि जवळजवळ गुळगुळीत. मांजराच्या दसपट मोठा मेंदू घड्यांशिवाय, तेव्हा कॉर्टेक्सच्या सीमा तिथे फक्त पेशींच्या थरांवरूनच आखाव्या लागतील. छेदांची चित्रं उतरवून झाली आहेत, मापपट्टी असलेली वेगळी काढायची आहेत.